बॅट आपल्या मुलांच्या हातात : सॉफ्टबॉलमधील फटका आणि स्पर्धेची योग्य पातळी

वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू होते. त्याच महिन्यांत शाळांमध्ये जिल्हा क्रीडा स्पर्धांची धावपळ असते. मुलगी किंवा मुलगा घरी येऊन सांगतो, "सरांनी सॉफ्टबॉलच्या संघात घेतले आहे." घरात पहिला प्रश्न निघतो, हा कोणता खेळ? दुसरा प्रश्न, यात लागते-बिगते काय? आणि तिसरा प्रश्न, याचा पुढे उपयोग काय? बुलडाणा जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, वस्तीतल्या बहुतेक घरांत हे तीन प्रश्न असतात. या वेळच्या आरोग्य पानावर त्यांची उत्तरे पाहू. त्यातही दोन गोष्टींवर भर देऊ. एक, मुलांच्या हातून बॅटचा चांगला फटका कसा तयार होतो. दोन, कोणत्या पातळीवरची स्पर्धा आपल्या मुलासाठी योग्य, हे कसे ओळखायचे.

चेंडू टाकणारा आणि बॅट धरणारा

आपल्या समाजाला खेळाचा इतिहास आहे. पळवणकर बाळू हे नाव जुन्या पिढीला ठाऊक आहे. चर्मकार समाजात १८७६ साली जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाचे काम करायचा. इंग्रज साहेबांना सरावासाठी तो तासन्‌तास चेंडू टाकायचा, पण बॅट मात्र त्याच्या हाती दिली जात नसे. पुढे तो हिंदू संघात आला. मैदानात त्याचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहाच्या वेळी त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा कर्णधार झाला. पुढे राजकारणात बाळू आणि बाबासाहेब यांचे मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. तरीही त्याच्या आयुष्यातला तो एक धडा विसरण्यासारखा नाही. राबण्याचे काम आपल्याकडे आणि बॅट दुसऱ्याकडे, ही वाटणी मैदानातही होती.

आजही गल्लीतल्या क्रिकेटमध्ये लहान आणि गरीब मुलाच्या वाट्याला बहुधा चेंडू आणून देण्याचे काम येते. ज्याची बॅट, त्याची फलंदाजी. सॉफ्टबॉल या बाबतीत बरा खेळ आहे. संघात नऊ खेळाडू असतात आणि सहसा नऊही जणांना ठरलेल्या क्रमाने बॅट घेऊन उभे राहावे लागते. म्हणून या खेळात फटका मारणे हे संघातल्या प्रत्येक मुलाने शिकायचे कौशल्य आहे.

खेळ थोडक्यात

सॉफ्टबॉलची सुरुवात १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाली. तेव्हा चेंडू म्हणून मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून बांधला होता आणि बॅट म्हणून झाडूचा दांडा घेतला होता. त्यामुळे आपल्या पोरांनी झाडूच्या दांड्याने आणि मोज्यांच्या चेंडूने सराव केला, तर त्यात कमीपणा काहीच नाही. हा खेळ जन्मलाच तसा.

सामना सात डावांचा असतो. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो हात खालून फिरवून चेंडू टाकतो आणि चेंडू टप्पा न पडता थेट येतो. मोठ्या गटातल्या मुली आणि महिलांसाठी पिचर आणि होम प्लेट यांच्यातले अंतर १३.११ मीटर असते, पुरुषांसाठी १४.०२ मीटर. लहान गटांसाठी ते कमी ठेवतात. चेंडू बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंतच्या पट्ट्यात आणि प्लेटच्या रुंदीवरून गेला, तर तो 'स्ट्राईक'. बाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर तो 'बॉल'. तीन स्ट्राईक झाले की बॅटर बाद. चार बॉल मिळाले की त्याला पहिल्या बेसवर फुकट जागा. मारलेला चेंडू समोरच्या काटकोनात पडला तरच चालतो, मागे गेला तर 'फाऊल'.

महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ अशा चार ऑलिंपिकमध्ये होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, तो परत आला आणि अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला हरवले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो आहे. आपल्या राज्यात तो शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत मुला-मुलींसाठी खेळवला जातो.

क्रिकेटच्या सवयी कुठे अडतात

आपली मुले क्रिकेट बघत आणि खेळत मोठी होतात. त्याचा फायदा असा की चेंडूवर नजर ठेवायची सवय असते. विटी-दांडू खेळलेल्या मुलाचा हात आणि डोळा तर आधीच जुळलेला असतो. पण तीन सवयी मोडाव्या लागतात.

पहिली, बॅट उभी धरणे. क्रिकेटची बॅट सपाट असते, चेंडू टप्पा घेऊन येतो, म्हणून सरळ बॅट लागते. सॉफ्टबॉलची बॅट गोल असते आणि चेंडू हवेतून येतो. इथे बॅट जवळपास आडवी फिरते. दुसरी सवय, चेंडू नुसता अडवणे. इथे चांगला चेंडू नुसता सोडून दिला तरी स्ट्राईक मोजला जातो. तिसरी, बॅट हातात घेऊन धावणे. इथे फटका बसला की बॅट जमिनीवर ठेवायची आणि रिकाम्या हाताने बेसकडे पळायचे. भिरकावलेली बॅट कॅचरला किंवा पंचाला लागू शकते. म्हणून पहिल्या दिवसापासून 'मार, ठेव, पळ' हा क्रम मुलांच्या अंगी बाणवावा.

फटका पायातून येतो

पालकांना वाटते, जोराचा फटका म्हणजे दंडातली ताकद. तसे नाही. लाकूड फोडणारा माणूस आठवा. कुऱ्हाड हाताने धरलेली असते, पण घाव कमरेतून बसतो. गोफण फिरवतानाही आधी अंग वळते, मग हात सुटतो. सॉफ्टबॉलचा फटका याच रीतीने तयार होतो. त्याच्या पायऱ्या अशा.

उभे राहणे. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त रुंद, गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचांवर न देता चवड्यांवर. दोन्ही डोळे पिचरकडे. एकाच डोळ्याने बघणाऱ्या मुलाची मान थोडी आणखी वळवून द्यावी.

पकड. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात खाली, उजवा वर, दोन्ही एकमेकांना चिकटून. बॅट तळहातात घट्ट न दाबता बोटांत धरायची. दार ठोठावताना बोटांचे जे मधले सांधे दाराला लागतात, ते दोन्ही हातांचे सांधे साधारण एका रेषेत आले की पकड बरोबर.

तयारी. पिचरचा हात फिरू लागला की वजन हलकेच मागच्या पायावर घ्यायचे आणि हात मागे न्यायचे.

पाऊल. पुढचा पाय वीतभर पुढे, अलगद टाकायचा. मोठी झेप घेतली की डोके हलते, आणि डोके हलले की चेंडू हलल्यासारखा दिसतो.

वळणे. आधी कंबर वळते, मग खांदे, शेवटी हात. मागच्या पायाचा चवडा जमिनीवर फिरतो आणि टाच उचलली जाते. मुलाचा मागचा पाय जागचा हललाच नाही, तर तो फक्त हातांनी मारतो आहे असे समजावे.

भेट. बॅट आणि चेंडूची गाठ पुढच्या पायाच्या आसपास पडली पाहिजे. अंगाजवळ आलेला चेंडू थोडा आणखी पुढे गाठायचा, बाहेरचा चेंडू थोडा उशिरा, आत येऊ द्यायचा. या क्षणी वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि खालच्या हाताचा जमिनीकडे असतो. हनुवटी खाली, नजर बॅटवर.

शेवट. फटका बसल्यावर बॅट थांबवायची नाही. ती खांद्यापर्यंत पूर्ण जाऊ द्यायची. मधेच थांबवलेल्या फटक्याने मनगट आणि खांदा दोन्हींवर ताण येतो.

हे सगळे एका दिवसात सांगू नये. एका आठवड्यात एकच गोष्ट. मुलाच्या डोक्यात सहा सूचना असतील, तर चेंडू कधी येऊन गेला हे त्याला कळणारही नाही.

बॅट वाढत्या अंगाची घेऊ नये

शाळेचा गणवेश आपण एक माप मोठा घेतो, पुढच्या वर्षीही चालावा म्हणून. बॅटच्या बाबतीत ही काटकसर अंगाशी येते. जड बॅट लहान मुलाला वेळेवर फिरवता येत नाही. मग तो बॅट आधीच खाली पाडतो, पाठ वाकवतो, खांदा ओढतो. चुकीची सवय आणि दुखणे, दोन्ही एकदम लागतात.

सोपी परीक्षा अशी. मुलाने एका हाताने बॅट मुठीपाशी धरून बाजूला सरळ खांद्याच्या उंचीवर उचलावी आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत. त्याआधीच हात थरथरला, तर बॅट जड आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना साधारण ७१ ते ७६ सेंटिमीटर लांबीची, अर्धा किलोच्या आसपास वजनाची बॅट पुरते. मोठ्यांसाठीही ८६.४ सेंटिमीटरपेक्षा लांब बॅट नियमात बसत नाही. शाळेत एकच मोठी बॅट असेल, तर लहान मुलाने ती थोडी वर, म्हणजे मूठ चारेक बोटे सोडून धरावी. लांबी कमी झाली की बॅट आपोआप हलकी वाटते.

वस्तीतला सराव, खर्च नाही

वस्तीत मैदान नसते. घरे दाटीवाटीची, खिडक्या, पाण्याच्या टाक्या, खेळणारी लहान पोरे. तरीही पुढचे प्रकार करता येतात.

एक, मोज्यांचा चेंडू. दोन-तीन जुने मोजे गुंडाळून वरून शिवायचे. काच फुटत नाही, कोणाला लागत नाही. मोठ्या भावाने किंवा बहिणीने समोर न बसता बाजूला, तिरके बसून तो हळू वर उडवावा आणि खेळणाऱ्याने समोरच्या भिंतीकडे मारावा.

दोन, टांगलेला चेंडू. कडुलिंबाच्या फांदीला दोरी बांधून तिला मोज्यांचा चेंडू कमरेच्या उंचीवर लटकवायचा. एकट्यालाही सराव होतो.

तीन, उभा दांडा. वाळू भरलेल्या बादलीत रबरी पाइपचा तुकडा उभा रोवायचा आणि त्यावर चेंडू ठेवायचा. चेंडू स्थिर असल्याने मुलाचे लक्ष पाय आणि कंबर यांकडे राहते. नवख्यांसाठी हा सर्वांत चांगला सराव आहे. समोर बारदानाची पोती शिवून दोरीवर टाकली की चेंडू अडतो.

चार, बाटलीची झाकणे. प्लास्टिकची झाकणे हळू फेकायची आणि झाडूच्या दांड्याने मारायची. झाकण हवेत वाकडेतिकडे जाते. बारीक दांडा आणि छोटे झाकण जमले, की मोठा चेंडू सोपा वाटतो. झाकण डोळ्याला लागू शकते, म्हणून फेकणाऱ्याने हेल्मेट घालून किंवा जाळीच्या आडून फेकावे.

दोन नियम कडक पाळा. बॅट फिरवणाऱ्याच्या चारही बाजूंनी तीन मीटरच्या आत कोणी नको. खरा चेंडू असेल, तर हेल्मेटशिवाय कोणी बॅट धरायची नाही. नावात 'सॉफ्ट' असले तरी हा चेंडू मऊ नसतो. साधारण १८० ते २०० ग्रॅमचा हा चेंडू तोंडावर बसला, तर दात पडतो.

नजर तयार करणे

शाळकरी पिचरचा चेंडू ताशी ६० किलोमीटर वेगाने आला, तर बॅटरकडे पाऊण सेकंदही नसतो. जगातल्या अव्वल महिला पिचर ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने टाकतात. त्यांच्यासमोर वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी उरतो. एवढ्या वेळात मारायचे की सोडायचे, हे ठरवावे लागते. म्हणून बॅट न फिरवताही सराव करावा. मुलाने पवित्र्यात उभे राहायचे, दुसऱ्याने चेंडू टाकायचा, आणि चेंडू पोहोचण्याआधी मुलाने मोठ्याने म्हणायचे, 'आत', 'बाहेर', 'वर', 'खाली' किंवा 'मार'. महिनाभरात फरक दिसतो.

सोडलेला वाईट चेंडू हीसुद्धा कमाई आहे, हे मुलांना पटवावे. चार बॉलवर मिळालेला बेस आणि फटक्यावर मिळालेला बेस, दोन्हीकडून धाव सारखीच निघते.

वारंवार चुकणाऱ्या मुलाला 'लक्ष नाही' म्हणण्याआधी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचे अक्षर नीट दिसत नाही म्हणून गप्प बसणारी मुले मैदानातही चुकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा डोळ्यांची तक्रार सांगा, किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

वीणेची तार

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकतो. साधनेच्या ध्यासाने चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले आणि मन खचले. तो पूर्वी वीणा वाजवायचा. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा वाजते का? फार सैल सोडली तर? लहान खेळाडूचे शरीर तसेच आहे.

बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलाला आठवड्यात तीन ते चार दिवस, एका दिवशी पन्नास-साठ फटके, दहा-दहाच्या गटांत आणि मधे विश्रांती, एवढे पुरे. दमलेल्या अंगाने मारलेले पुढचे शंभर फटके चूकच पक्की करतात. सरावाआधी दहा मिनिटे धावणे आणि अंग मोकळे करणे, रात्री पुरेशी झोप, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांना वाढीचा कोवळा भाग असतो. तो हाडापेक्षा नाजूक असतो. खांदा, कोपर, गुडघा, टाच यांपैकी एकच जागा रोज दुखत असेल, तर 'वाढीचे दुखणे आहे' म्हणून सोडू नका. दुखण्यामुळे मुलाची फटका मारण्याची किंवा चेंडू फेकण्याची ढब बदलली, तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ताज्या मारावर तेल लावून चोळू नका, बोट ओढून 'बसवू' नका. थंड पाण्याची पट्टी, आराम आणि तो भाग उंचावर. डोक्याला चेंडू लागल्यावर उलटी, गुंगी, डोके खूप दुखणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर सामना सोडून थेट रुग्णालय गाठा. 'काही नाही झाले' असे मूल म्हणाले, तरी त्या दिवशी त्याला परत मैदानात पाठवू नका.

खाण्यासाठी महागडी पावडर लागत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडी, पालेभाजी आणि परवडेल तेव्हा मटण-मासे, यात सगळे आले. सामन्याला जाताना पाण्याची बाटली भरून द्या आणि लिंबू-साखर-मिठाचे पाणी वेगळे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावकडे ऊन कडक असते. तिथे जयंतीच्या दिवसांपासून मृगापर्यंत सराव सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच करावा.

रक्ताची तपासणी : हे टाळू नका

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हा कोणाचा शाप नाही की गेल्या जन्मीचे पाप नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक मूल सहसा धडधाकट असते आणि ते खेळू शकते. मात्र कडक ऊन, पाण्याची कमतरता आणि एकदम खूप धावपळ एकत्र आली, तर त्याला धोका होऊ शकतो. त्याला हळूहळू तयारी, वारंवार पाणी आणि थकवा आला की लगेच थांबण्याची मुभा हवी. प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलाने डॉक्टरांना विचारूनच खेळाचे ठरवावे. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ पासून सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासणीबद्दल विचारा आणि निकाल क्रीडाशिक्षकांना सांगा.

मुलगी लवकर दमते, धाप लागते, चेहरा फिका दिसतो, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायला लावा. सिकलसेलचा आजार असेल, तर मात्र लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

कोणत्या पातळीवर खेळावे

आता दुसरा प्रश्न. स्पर्धेची शिडी अशी आहे. सर्वांत खाली वस्तीतले आणि शाळेतले सामने. त्यावर शालेय जिल्हास्तर, जो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतो. मग अमरावती विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. कबड्डी, खो-खो यांची सुरुवात तालुक्यापासून होते. सॉफ्टबॉलचे संघ कमी असल्याने त्याची सुरुवात साधारणपणे जिल्ह्यापासूनच होते. याशिवाय खेळाच्या संघटनेच्या वेगळ्या निवड चाचण्या आणि स्पर्धा असतात. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात हा खेळ चांगला रुजला आहे, त्यामुळे सरावाचे सामने दूर शोधावे लागत नाहीत.

आपले मूल योग्य पातळीवर आहे का, हे ओळखायला एक वही ठेवा. प्रत्येक सामन्यात तीन गोष्टी लिहा. किती वेळा बॅट हाती आली, किती वेळा चेंडू नीट लागला, किती वेळा तीन स्ट्राईकवर बाद झाले. आठ-दहा सामन्यांनंतर ढोबळ हिशेब असा करता येतो.

जवळजवळ प्रत्येक वेळी चेंडू सहज लागतो, मूल कंटाळते, सराव चुकवते, तर पातळी खालची आहे. तार सैल आहे. त्याला वरच्या संघासोबत सराव द्या.

चेंडू अंगावर आला की मूल मागे सरते, बहुतेक वेळा तीन स्ट्राईकवर परत येते, किंवा सगळे सामने बाकावर बसून काढते, तर पातळी वरची आहे. तार ताणली आहे. एक पायरी खाली येऊन जास्त वेळा बॅट हाती घेणे त्याच्या हिताचे. बाकावर बसून मिळवलेल्या राज्याच्या प्रमाणपत्रापेक्षा शाळेच्या संघात घेतलेल्या पन्नास संधी फटका जास्त सुधारतात.

कधी लागतो, कधी चुकतो, हरल्यावर वाईट वाटते, पण दुसऱ्या दिवशी मूल आपणहून बॅट उचलते, तर पातळी बरोबर आहे. या खेळात दहापैकी तीन-चार वेळा फटक्यावर बेस गाठणारा खेळाडू चांगला समजतात. म्हणजे चांगला खेळाडूही सहा-सात वेळा अपयशीच होतो. हे पालकांनी लक्षात ठेवले, तर घरी परतणाऱ्या मुलाला बोलणी खावी लागणार नाहीत.

चौदा वर्षांखालच्या हुशार मुलाला सतरा वर्षांखालच्या गटात खेळवण्याची घाई होते. तिथे पिचरचा वेग जास्त असतो, अंगे मोठी असतात, बेसवर धडक बसली तर लहान अंगाला लागते. मुलाचे शरीर, मन आणि क्रीडाशिक्षकांचे मत हे तिन्ही जुळले तरच तसे करावे.

वय आणि कागद

वय कमी दाखवून संघ जिंकवण्याचा मोह काही ठिकाणी होतो. आपण त्यात पडू नये. जन्मदाखला आणि शाळेची नोंद वेगळी निघाली, तर मूल बाद होते, संघही बाद होतो. आणि त्याहून मोठे म्हणजे मुलाला आपण खोटे बोलायला शिकवतो. पंचशील घेणाऱ्या घरात हे शोभत नाही.

प्रमाणपत्राचा प्रश्न नाजूक आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. पण कोणत्या स्पर्धेचे, कोणत्या पातळीचे प्रमाणपत्र चालते, हे शासन निर्णयात ठरलेले असते आणि ते बदलत असते. याचाच फायदा घेऊन काही जण 'राष्ट्रीय' आणि 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धांच्या नावाने हजारो रुपये घेतात. रोजमजुरी करणारे आईबाप कर्ज काढून मुलाला पाठवतात आणि हाती येतो न चालणारा कागद. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवल्याने गुन्हे दाखल झाल्याची प्रकरणे महाराष्ट्रात घडली आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी बुलडाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, ही स्पर्धा मान्य आहे का? गुण मिळतील का? नोकरीसाठी पडताळणी होईल का? तोंडी उत्तरावर थांबू नका, लेखी मागा. शिकलेल्या माणसाला सोबत न्या.

मुलींसाठी

सॉफ्टबॉलमध्ये मुलींना मुलांइतकीच जागा आहे. बाहेरगावी पाठवताना सोबत महिला शिक्षिका आहे का, राहण्याची सोय कुठे आहे, फोन कोणाकडे असेल, हे विचारणे हा पालकांचा हक्क आहे. प्रशिक्षकाने मुलीला एकटीला बोलावू नये आणि सराव उघड्यावर, चारचौघांसमोर व्हावा. पाळी चालू असताना खेळायला हरकत नाही. त्रास फार असेल तर विश्रांती घ्यावी, बंदी नको. विटाळ मानणे आपण सोडले आहे, ते मैदानावर पुन्हा आणू नये.

विहार समितीने काय करावे

एका घराला हेल्मेट, दोन बॅट आणि चेंडू परवडत नाहीत. वस्तीला परवडतात. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा काढून विहारात एक सामाईक संच ठेवता येतो. त्यात लहान मुलांसाठी हलकी बॅट, मोठ्यांसाठी एक बॅट, दोन हेल्मेट, अर्धा डझन चेंडू आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. नोंदवही एका मुलीकडे द्यावी. कोणी नेले, कोणी आणले, हे ती लिहील. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांतून शिकून आलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आपल्या तालुक्यांत आहेत. रविवारी सकाळी दोन तास येण्याची त्यांना विनंती करा.

आणि एक नियम संचाच्या पेटीवरच लिहून ठेवा. सरावाला आलेल्या प्रत्येक मुलाला बॅट मिळेल, आणि आधी सर्वांत लहान मुलाला.

जय भीम! नमो बुद्धाय!